तीनदा नाव

रक्त काढण्याआधी मी पेशंटला तीनदा नाव विचारतो. खुर्चीत बसल्यावर एकदा, दंडाला रबर बांधताना एकदा आणि ट्यूबवर लेबल डकवताना एकदा. एकोणीस वर्षं हेच चाललंय. जव्हारच्या आमच्या लॅबमध्ये मला ‘तीनदा नाव हेमंत’ म्हणून चिडवतात. चिडवोत बापडे. एकेका पाड्यात सखी नावाच्या तीन-तीन आणि पोशी नावाच्या दोन-दोन बाया निघतात. रक्ताची अदलाबदल झाली तर निस्तरणार कोण?

पोशी जगन वारघडे मोखाड्याकडची. एचआयव्हीची गोळी आठ वर्षं घेत होती, एक दिवस चुकवला नाही. पाऊस सरता सरता तिचे पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. मी क्रिएटिनिन केलं. किडनी रक्त नीट गाळते की नाही ते त्यावरून कळतं. आकडा साधारण १.२ च्या आत हवा. तिचा आला १.९.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा आजार किडनीला धरतो. कधी गोळीही सोसत नाही. आठ दिवसांनी परत बघू. वाढलेलंच असलं तर गोळी बदलायची आणि नाशिकला दाखल करायचं.”

‘दाखल’ म्हटल्याबरोबर पोशीचा चेहरा उतरला. दाखल म्हणजे पाड्यात चौकशा, आणि चौकशा म्हणजे बोभाटा. बाहेर जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

“दादा, कमी लिव ना.”

“रक्त सांगेल तेच लिहीन. रक्त खोटं बोलत नाही,” मी फटकारलं.

आठ दिवसांनी ती आली. जीपच्या धुळीने माखलेली, तोंडाला रुमाल बांधलेला. मी तीनदा विचारलं, तिने तीनदा सांगितलं, “पोशी.” आकडा आला ०.८.

इतका झकास? माझा विश्वास बसेना. मशीन बिघडलं असणार, म्हणून मी माझंच रक्त काढलं आणि तिच्याच नंबरावर लावलं. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मला चेष्टा सुचली. स्वतःलाच दरडावलं, “नाव?” आणि बायकी आवाज काढून म्हणालो, “पोशी.” रीतसर तीनदा. आकडा ०.९. मशीन ठणठणीत होतं. रिपोर्ट गेला, गोळी तीच राहिली.

दिवाळीनंतर पोशी गेली. शेवटी नाशिकला नेलं तेव्हा दोन्ही किडन्या पार बसल्या होत्या. मला काही उलगडा होईना.

जानेवारीत तिची धाकटी बहीण आली. सखी, साखरशेतला दिलेली. डोळ्यांखाली सूज, पायांवर सूज. साखर नाही, बीपी नाही. एचआयव्हीची तपासणी दोनदा केली, दोन्हीदा काही नाही. लघवीची बाटली टेबलावर ठेवली, अर्ध्या तासानेही फेस तसाच.

क्रिएटिनिन १.९.

दुसऱ्यांदा रक्त घ्यायला तिला खुर्चीत बसवलं. पहिल्यांदा नाव विचारलं, तिने सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं, सांगितलं. तिसऱ्यांदा ती बोलेचना. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

“दादा, मागल्या टायमाला मीच आलती. रुमाल बांधून. ताई बोलली, तुझा रगत चांगला हाय, माझ्या नावानं दे.”

मी हबकलोच. मग संताप आला, तिचा आणि माझाही. “अगं, जीव गेला की तिचा त्यापायी! गोळी बदलली असती तर…”

“म्हायती हाय मला.” तिने पदराने नाक पुसलं. “पन तूच तीनदा ईचारलास. एकदा नाव सांगला तं सांगला. तीनदा सांगला म्हंजे त्या नावाला देऊन टाकला. देवाला कोंबडा पन तीनदा नाव घेऊनच देतात. आमची आजी बोलायची, मंग तो परत नाय भेटत.”

“काहीतरी बोलू नकोस. नाशिकला जा, तिथे कारण सापडेल.”

ती उठली. दारात थांबून वळली.

“दादा, तिच्या नावानं आजून कोनी देला नाय ना?”

“नाही,” मी म्हणालो.

नाशिकला कारण सापडलं नाही. काल फोन आला. आकडा ३.४ झालाय, आणि सखी ओ द्यायची थांबलीय. सखी म्हणून हाक मारली तर बघतसुद्धा नाही, असं तिचा नवरा हरेश म्हणाला.

आज सकाळी मी संडासाला गेलो आणि भांड्यात बघत उभा राहिलो. पाणी कमी प्यायलो असेन, म्हटलं. एक बादली ओतली. दुसरी ओतली. फेस काठाला धरून होता.

रात्री थंडीचे घातलेले मोजे काढले तर घोट्यावर खोल वळ.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. साडेआठलाच लॅब उघडली, दार आतून लावलं. दाताने रबर ओढून दंडाला बांधलं. एकोणीस वर्षांची सवय. तोंड आपसूक उघडलं.

“नाव?”

“पोशी.”

ओठ घट्ट मिटून घेतले. लेबल हातात घेतलं.

“नाव?”

“पोशी.”

या खेपेला बायकी आवाज काढावा लागला नाही.