रिंकूताईंचा आरसा

एस.टी.ला खिडकी होती, काच नव्हती. श्रावणातली झिमझिम सरळ आत येत होती आणि माझी नवी ओढणी भिजत होती. शेजारच्या मुलानं पिशवीतून छत्री काढली आणि भर गाडीत उघडली.

गाडीभर हशा पिकला. मागच्या सीटवर आमच्या बोरीच्या सरूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओ पावणं, गाडीत कशापायी छत्री?"

"ह्यांची ओढणी भिजतीय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

नारायणगाव येईपर्यंत त्यानं ती तशीच धरली. माझे दोन्ही खांदे आत, त्याचा एक बाहेर. नाव सोपान. गाव तिकडं डोंगरात, तळेघर. जुन्नरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला होता.

"रविवारपासनं जुन्नरात शिबिर हाय," तो म्हणाला. "स्वतःला ओळखा, ध्येय ठरवा, असं कायतरी. तुमी या की."

"तुमची अजून ओळख नाय झाली स्वतःशी?"

"दिसतो कधीतरी आरशात… पर बोलणं न्हाई झालं."

मला हसू आवरेना. तिथंच मी कामातून गेले.

पण पहिला रविवार माझा हुकला. त्या दिवशी आळे गावचे पाहुणे मला बघायला आले होते. पोहे दिले, नाव सांगितलं, मान खाली घातली. मुलगा बरा होता. पण पाऊस आला तेव्हा त्यानं आधी स्वतःची चप्पल आत घेतली, हे मी बघून ठेवलं.

दुसऱ्या रविवारी सरूबाईंबरोबर शिबिराला गेले आणि तिथं रिंकूताई भेटल्या.

रिंकूताई म्हणजे बाजारपेठेतल्या कापडवाल्या मिश्रीलाल शेठची मुलगी. पुण्याला शिकलेली. घरात मारवाडी बोलायची आणि बाहेर आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. तेव्हा अख्ख्या शिबिरात मोबाइल तिच्या एकटीकडं होता. दिसायला सुंदर, बोलायला गोड, आणि कुणाचंही नाव एकदा ऐकलं की विसरायची नाही. दोष शोधून शोधून दमले. शेवटी तिची खडू धरायची पद्धत मला आवडली नाही.

तिनं फळ्यावर मोठं चाक काढलं. चाकाला आरे — तब्येत, घर, काम, पैसा, शिकणं, मैत्री, मजा, गावासाठी काही. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि ठिपके जोडायचे. चाक गोल आलं तर गाडी नीट चाललीय. जिथं खड्डा, तिथं काम करायचं.

"माझं तर पंक्चर हाय बाई," सरूबाई म्हणाल्या.

रिंकूताई सोपानच्या कागदावर वाकल्या. "सोपान, कामाला नऊ आणि मजेला एक? असं कसं चालेल?"

आणि तो हसला. मोकळं, मान मागं टाकून. माझ्याशी बोलताना हसायला त्याला निम्मा रस्ता लागला होता. मी पेन्सिल इतकी दाबली की टोकच मोडलं.

पण खरा जाच पुढंच होता. पहिल्या रविवारी रिंकूताईंनी 'आरसा' नावाचा एक प्रकार सांगून ठेवला होता. आपल्याला आपण दिसत नाही, म्हणून दुसऱ्यांना विचारायचं — माझा गुण काय, माझी उणीव काय? सोपाननं दुकानाच्या मालकाला विचारलं. सरूबाईंना विचारलं. स्टँडवरच्या चहावाल्यालाही विचारलं. रिंकूताईंना तर पायरीवर उभं राहून इतका वेळ विचारत होता की माझी गाडी चुकली.

मला नाही विचारलं.

दर रविवारी मी उत्तर पाठ करून यायचे. काय काय सांगायचं, कुठं थांबायचं, कुठं खाली बघायचं. तो यायचा, आईची तब्येत विचारायचा, कांद्याचा भाव विचारायचा… तेवढं सोडून सगळं विचारायचा.

शेवटी मीच काढलं. "झाला का तुमचा आरसा?"

"झाला की. रिंकू मॅडमनी लई भारी सांगितलं. म्हणल्या, माणूस सरळ हाय, पर मनातलं तोंडावर आणायला उशीर लावतो."

"त्यांना बरं कळतं तुमच्या मनातलं."

"शिकल्यात ना त्या."

"आणि आम्ही काय शाळेत शेण गोळा करायला गेलो होतो?"

"तसं न्हाई…" तो गडबडला. "त्यांच्या दाजींचा पुण्यात कारखाना हाय. नोकरीसाठी शब्द टाकते म्हणल्या."

मी हॉलच्या खिडकीकडं तोंड फिरवलं. पुण्याला गेला की संपलं. मग मी आळ्याला जाणार आणि जन्मभर त्या माणसाची चप्पल आत घेणार.

शेवटच्या रविवारी प्रत्येकानं उठून दोन गोष्टी सांगायच्या होत्या. आपली एक उणीव, आणि पाच वर्षांनी आपण कुठं असू. सरूबाई म्हणाल्या, "बँकेत अंगठा लावायची लाज वाटती. पाच वर्षांत सही तर करीनच, पर म्यानेजरला खुर्चीवरनं उठवीन."

माझी उणीव तयार होती — सकाळी उशिरा उठते. पण मी उभी राहिले तेव्हा माइक बंद पडला होता, सोपान खाली बसून त्याची वायर जोडत होता आणि रिंकूताई वाकून त्याला म्हणत होत्या, "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं हो?"

"मी जळते," मी म्हणाले.

माइकची गरजच पडली नाही.

"कुणावर?" रिंकूताईंनी विचारलं.

"तुमच्यावर."

आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. "ह्यांनी चहावाल्याला विचारलं, आपण कसे आहोत. तुम्हाला तर तासभर विचारलं. मलाच नाय विचारलं. मी काय एवढी परकी आहे?"

सगळ्यांच्या माना सोपानकडं वळल्या. तो वायर हातात धरून तसाच बसला होता.

"अगं येडे," सरूबाई म्हणाल्या, "पयल्या रविवारी तू कुठं व्हतीस? मॅडमनी बजावलं व्हतं, घरच्या माणसाला इचारायचं न्हाई. घरचं माणूस मायेपोटी खरं सांगत न्हाई."

सोपान वायरकडं बघत म्हणाला, "म्हणून… न्हाई विचारलं."

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा गाल, कान, मान, सगळं तापलं.

"मला न विचारताच घरची करून टाकली?"

"उशीर लावतो मी. मॅडम म्हणल्याच की."

रिंकूताई खळखळून हसल्या. एवढं झाल्यावर त्यांनी चिडायला हवं होतं, पण तेही त्यांना जमत नव्हतं. "सोपान, आता उभेच राहा. पाच वर्षांनी कुठं?"

"तळेघरला," तो म्हणाला. "भाताची गिरणी टाकणार. आमच्याकडची माणसं डोक्यावर भात घिऊन घोडेगावला जात्यात, अख्खा दिस मोडतो. मोटार मला कळती, गिरणी बी कळंल. मॅडम, पुण्याला शब्द टाकू नका."

"आणि वृषाली, तू?"

"मी नंतर सांगते," मी म्हणाले. "सगळं काय तुम्हालाच सांगायचं?"

स्टँडकडं जाताना भुरभुर सुरू झाली. त्यानं छत्री उघडून माझ्यावर धरली.

"आळ्याच्या पावण्यांचं सरूबाईंकडनं कळलं. त्यांना काय सांगितलंय?"

"गणपतीनंतर कळवतो म्हणालेत आबा."

"मग मी आईला घिऊन गणपतीच्या आधी येतो…" तो थांबला. "पर आधीच सांगतो, तळेघरला गाड्या कमी. चालावं लई लागतं. पावसाळ्यात कापडं वाळत न्हाईत. भात आन् नाचणी, दुसरं काय न्हाई तिथं."

बोरीची गाडी लागली होती. कंडक्टर बेल मारत होता. सोपाननं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं, आणि पहिल्यांदाच 'तुमी' सोडलं.

"येशील?"

मी पायरीवर चढले आणि त्याला जरा टांगून ठेवलं. एवढे रविवार त्यानं मला ठेवलं होतं.

"तिथं शिबिरं होतात?"

"न्हाई."

"मग येते."