मागच्या सीटचे भरण

ही घटना खरी आहे. रात्रीची नाही, डिसेंबरातल्या एका रविवारी लख्ख उन्हात घडलेली आहे. बरीचशी मी मामांच्या तोंडून ऐकली. शेवट मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

मामा दंतवैद्य. चाळीस वर्षे लोकांची तोंडे तपासूनही ज्याला कधी किळस शिवली नाही, असा माणूस.

त्या रविवारी जुन्या मोटारींच्या क्लबाची सहल होती. नऊ गाड्या रांगेने शहराबाहेरच्या तलावाकडे निघाल्या होत्या. जेवणानंतर परीक्षण होणार होते. ज्या गाडीत कारखान्यातून निघतानाचे भाग सर्वाधिक शिल्लक असतील, तिला मानाची ढाल.

मामांची काळी गाडी सत्तर वर्षांची. सहलीआधी सीटा शिवणाऱ्या कारागिराने तिची मागची सीट उसवून आत हात घातला होता... आणि झटकन बाहेर काढला होता.

"डॉक्टर, हे भरण फेकून द्या. ओलं लागतंय."

"त्या काळी घोड्याचे केस भरायचे. मूळचं आहे ते. जसंच्या तसं शिवून टाक."

"घोड्याचे इतके मऊ नसतात हो..."

मामांनी ऐकले नाही. मामींना तर यातले काहीच सांगितले नाही.

मागच्या वेळी आलेल्या घाण वासामुळे मामी त्या गाडीत आठ महिन्यांनी बसत होत्या. पुढे जेवणाचे डबे ठेवलेले, म्हणून मागे.

"तुमच्या या सवतीला आज शेवटची संधी," त्या म्हणाल्या. "पुन्हा तो वास आला, तर घरात ती राहील किंवा मी."

"अगं, नवरीसारखी सजवलीय तिला."

"नवरीला अत्तर लावतात. हिला तुम्ही फिनेल लावलंय."

पहिल्याच वळणावर वास आला... मोरीच्या जाळीत अडकून कुजलेल्या केसांचा.

मागे मामींचे बोलणे एकाएकी थांबले.

मामांनी आरशात पाहिले. मामींनी दोन बोटे तोंडात घातली होती आणि त्यांचे डोळे पांढरे झाले होते.

मामांनी गाडी कडेला घेतली. "आ कर."

जीभ स्वच्छ. हिरड्या स्वच्छ. पण पडजिभेमागून एक काळा केस लोंबत होता...

मामांनी तो चिमट्यात धरून ओढला. तो येतच राहिला. वीतभर. हातभर. चिकट आणि कोमट. टोकाला पांढरे मूळ होते आणि मुळाला कातडीचा ओला पापुद्रा.

मामी रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकल्या.

"अहो, ही सीट काढून फेका. आत्ता. इथेच!"

मामांनी घड्याळ पाहिले.

"परीक्षण तेवढं होऊ दे ना. दोन तासांचा प्रश्न आहे."

मामींनी तोंड पुसले, नवऱ्याकडे एकदा नीट पाहिले आणि मागून येणाऱ्या, क्लबाच्या सचिवांच्या गाडीला हात केला.

तलावाकाठी परीक्षकांनी सीटच्या शिवणीतून बोटे आत सारली. "वा! मूळचंच आहे." मग त्यांनी ती बोटे हुंगली... आणि तलावावर जाऊन हात धूत बसले. बराच वेळ.

"ढाल तुमची, डॉक्टर," परतल्यावर ते म्हणाले. "फक्त गाडी माझ्या गाडीपासून लांब लावा."

परतीला मामा एकटे होते. शेजारच्या सीटवर ढाल.

त्यांच्या जिभेखाली काहीतरी सरकले...

त्यांनी दोन बोटांत धरून ओढले. मागच्या सीटवर कुणीतरी कळवळले.

"आई गं..."

आरशात सीट रिकामी होती. पण मधोमध कुणी बसावे तशी ती दबलेली होती. मामांनी पुन्हा हिसका दिला. तो खळगा पुढे सरकला, थेट त्यांच्या मानेमागे... आणि मानेवर ओला श्वास आला.

दुसऱ्याच दिवशी मामांनी ते भरण जाळले. गाडी भंगारात गेली. मामी घरी परतल्या, पण पंधरा दिवसांत बॅग भरून कायमच्या गेल्या. का, ते त्यांनी कुणालाच सांगितले नाही.

ते मला गेल्या आठवड्यात कळले. मी मामांसमोर जेवायला बसलो होतो. मध्येच त्यांचा घास थांबला. त्यांनी ओठांशी बोटे नेली, काहीतरी धरले... आणि सोडून दिले. मग डोळे मिटून, मान वर करून ते गिळू लागले. हळूहळू. गळ्याचा घाटा कितीतरी वेळ वर-खाली होत राहिला.

"मामा, ओढून काढा ना ते!"

त्यांनी मान हलवली.

"नको रे... तिला दुखतं."

इतक्या मायेने ते मामींबद्दलही कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

मी ताटावरून उठलो. अजूनही जेवताना घास जिभेवर आधी चाचपून पाहतो.