बाबांच्या काचपेटीतलं दव

बाबा गेल्यावर आईने त्यांची काचपेटी लेकीच्या हवाली केली. "तुझ्या बापाचा जीव हिच्यात होता. माझ्यात कमीच. सांभाळ आता."

पेटीत ओल्या शेवाळावर दवबिंदूची झाडं होती, कीटक खाणारी. नखाएवढ्या पानांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की पान सावकाश मिटायचं. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून ती ते बघत राहायची. कंटाळून काडीने डिवचायला गेली की बाबा मनगट धरायचे. "थांब गं राणी. त्याचं त्याला धरू दे."

तिनेही झाडं जिवापाड जपली. चूक झाली ती पाण्याची. बाबा फक्त पावसाचं साठवलेलं पाणी घालायचे. ते संपलं, तेव्हा तिने तान्ह्या ठकूसाठी उकळून गार केलेलं ओतलं. लेकीला चालतं ते झाडांना का चालणार नाही? पण उकळून पाण्यातले क्षार जात नाहीत. थेंब वाळले, पानं काळी पडली. पेटीवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. "बाबा, तुमचं एवढं तरी राहू द्या हो माझ्याकडे."

शेजारी पाळण्यात ठकू टक्क जागी होती.

मग घरातली चिलटं कमी झाली. "पोरगी चिलटं पळवते बघ," नवरा म्हणाला. "भाड्याने देऊ या हिला." तीही हसली. दुपट्यावर मात्र चिलटांची टरफलं सापडू लागली, आतून पोकळ, फुंकरीने उडणारी. ठकूला दूध नकोसं झालं, तरी अंग भरत होतं.

"आजोबांवर गेलीय," आई कौतुकाने म्हणाली.

एका दुपारी पाळण्यात ऊन आलं आणि ठकूचे तळवे चमकले. लाळ असेल म्हणून तिने पुसायला बोट लावलं. थेंबाची बारीक तार निघाली. मधासारखा मंद वास आला.

तिने बोट मागे घेतलं. सुटेना.

ठकू गाढ झोपेत होती. तिची करंगळी वळली. मग शेजारचं बोट. मग त्याच्या शेजारचं.

नखापासून बधिरपणा वर चढू लागला.

स्वयंपाकघरातून नवऱ्याने हाक मारली. तिने ओ दिली नाही. लेकीची झोप मोडली असती.