वाचनालय बंद करताना

नवरात्रात वसंतराव मुलीकडे, जयपूरच्या बनी पार्कात, राहायला आले होते. साल २००६. रोज दुपारी ते जुन्या शहरातली हवेली पाहायला निघत आणि त्रिपोलिया बाजारातूनच परत फिरत. हवेलीच्या गल्लीच्या तोंडाशी लाखेच्या बांगड्यांचं दुकान होतं. तिथे घुटमळलं की दुकानदार "आइए बाबूजी" म्हणे, आणि नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून ते बांगड्या घेत.

"बाबा, हा तिसरा जोड," मंजुषा हसली. "आई राहिली नाही, मी घालत नाही. मतलब, कोणासाठी चाललंय?"

वसंतराव ओशाळले. ती हवेली आपल्याला किती प्रिय होती, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं.

बत्तीस वर्षांपूर्वी विमा कचेरीतल्या नोकरीमुळे ते इथे होते. हवेलीच्या आतल्या चौकात मराठी मंडळींचं छोटं वाचनालय भरे. गुळगुळीत चुन्याच्या गार भिंती, खाली जाजम. चपला बाहेर पायरीवर काढायच्या. संध्याकाळी दार लावायचं काम वसंतरावांकडे असे. नियम असा की चौकात उभं राहून तीनदा हाक मारायची, मग कुलूप. पण मोठ्याने ओरडायची त्यांना भारी लाज. ते पायरीवर पाहत. चपला नसल्या की कोणी नाही.

त्या अष्टमीला पायरी रिकामी होती, त्यांनी हाक न मारताच कुलूप लावलं. रोज वाचायला येणाऱ्या वृद्ध तारामतीबाई नवरात्रात अनवाणी असत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर दार उघडलं तेव्हा बाई उंबऱ्याशी पडलेल्या होत्या. गेलेल्या.

"मी तीनदा हाक मारली होती," वसंतरावांनी सगळ्यांना सांगितलं.

"बिचारीला ऐकू येत नसणार," लोक म्हणाले. तेच कायम झालं.

या खेपेला चौथ्या दिवशी मात्र ते मान खाली घालून बांगड्यांच्या दुकानापुढून गेले आणि गल्लीत शिरले. हवेलीच्या कमानीतून पिंपळ फुटला होता. बाहेरच्या चौकात देवराम चौकीदार खाटेवर बसून शेंगा सोलत होता.

"अंदर नहीं जा सकते, बाबूजी. छत का भरोसा नहीं. चाबी मालिक के पास है, वो दशहरे के बाद आएँगे."

"बस, दरवाजे तक."

"जाइए. वहाँ है ही क्या?"

आतल्या दाराला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं. फटीतून जुन्या कागदांचा आणि कबुतरांचा वास आला. बाहेर ऊन असून फळ्या गार होत्या. देवराम बघत नाही अशी खात्री करून वसंतरावांनी हाक मारली. हाक कसली, पुटपुटणंच.

"वाचनालय बंद होतंय."

कबुतरांचं घुमणं थांबलं.

दुसऱ्यांदा आवाज जरा निघाला. देवरामने मान वर केली.

तिसरी हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं.

"आले हं," आतून शांतपणे उत्तर आलं. "एवढं पान संपवते."

वसंतरावांनी कान फटीला लावला.

पावलं आली. अनवाणी, सावकाश, फरशीला चिकटत सुटत. दाराशी थांबली.

साखळी आतून ताणली गेली. मग सैल पडली.

"किससे बात कर रहे हो, बाबूजी?" देवराम उठून जवळ आला होता. "कोई है क्या अंदर?"

एक शब्द पुरला असता. कुलूप तोडायला गल्लीतली माणसं धावली असती. पण मग विचारलं असतं, कोण आहे, कशी अडकली, कोणी कोंडलं. वसंतरावांचे कान तापले.

"नहीं," ते म्हणाले. "कोई नहीं."

दारापलीकडे पावलं फिरली, काही घाई नसल्यासारखी आत गेली.

जाजमावर कोणीतरी बसल्याचा आवाज झाला. आणि पान उलटल्याचा.