चपट्या केकचा चोर

"शिंकलास तर बघ हं," टिल्ली कुजबुजली. मैद्याच्या पोत्यांमागे दडलेल्या ढब्बूने, तिच्या धाकट्या भावाने, नाक गच्च दाबून धरलं.

सुट्टीला मावशीच्या बेकरीत येऊन पहारेकरी व्हावं लागेल, असं दोघांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण कारणच तसं होतं. वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी मावशीने नेहमीच्या डब्याच्या दुप्पट रुंदीचा, पण तेवढ्याच उंचीचा गोल डबा आणला, मिश्रणही दुप्पट केलं. तरी केक निघाला तो पुठ्ठ्यासारखा. मिश्रण फेटायची मावशी आणि भाजायचे भट्टीवाले काका. म्हणजे मधल्या मध्ये काकांनीच मिश्रण लांबवलं, असं तिने धरूनच टाकलं.

"आजचाही चपटा निघाला, तर उद्यापासून येऊ नका," तिने सुनावलं. भट्टीपाशी केस पांढरे झालेले काका मान खाली घालून कामाला लागले. खरा चोर शोधायचाच, असं टिल्लीने ठरवलं.

आताही काकांनी भांडं खरवडून सगळं मिश्रण डब्यात ओतलं, डबा भट्टीत सरकवला. ना चोरी, ना लबाडी. तरी भाजून निघालेला केक चपटाच!

"भूत खातं वाटतं," ढब्बू म्हणाला आणि दाबलेली शिंक सणसणीत बाहेर पडली. मैद्याने दोघं पांढरीफटक झाली.

टिल्लीचं तिकडे लक्षच नव्हतं. "कुणीच नाही खाल्लं, तर डब्यानेच खाल्लं असणार." केक काढून तिने नवा डबा धुतला, मावशीला हाक मारली आणि जुन्या डब्याने त्यात पाणी ओतायला सुरुवात केली. "मावशी, मोज."

दोन डबे ओतले, तरी नवा निम्माच. चौथ्याला पाणी काठाशी आलं.

"असं कसं? दुप्पटच तर आहे," मावशी चक्रावली.

टिल्लीने एक चौकोनी बिस्कीट ठेवलं. शेजारी दुप्पट लांब, दुप्पट रुंद चौकोन रचला. बिस्किटं लागली चार. "गोलाचंही असंच. मिश्रण चौपट हवं, मावशी."

मावशीने बिस्किटं स्वतः मोजून पाहिली. मग सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ती म्हणाली, "काका, गणित माझं चुकलं आणि आळ तुमच्यावर घेतला. मला माफ करा."

काकांनी डोळे पुसले आणि भट्टी पुन्हा पेटवली.

संध्याकाळी वाचनालयात तो उंच, फुललेला केक पाहून अध्यक्षांनी विचारलं, "कुणाच्या हातचा?" मावशीने काकांना पुढे केलं.

काकांनी टिल्लीला शेजारी ओढलं. "भाजला मी. पण केक आणि माझी अब्रू, दोन्ही राखलं ते या पोरीने."