मूठभर पिवळे तांदूळ

"आज ओढ्यात उतरायचं, मासे पकडायचे आणि दुपारी केळीच्या पानात भाजून खायचे!" तिर्तोनं फर्मान काढलं. सुट्टीत सेमारांग शहरातून मामाच्या वाडीत आला की पहिला दिवस तो राजा असायचा. दुसऱ्या दिवशी जळू चिकटली की राज्य खालसा!

"राजेसाहेब, आधी शर्ट तरी सरळ घाला, उलटा घातलाय," त्याची मामेबहीण वेनिंग म्हणाली. त्यांचा दोस्त जात्मिको खो खो हसत सुटला.

तेवढ्यात टोक्-टोक्-टोक्! टोक्-टोक्-टोक्!

पहाऱ्याच्या चौकीतला पोकळ लाकडाचा केंटोंगान घुमू लागला. तीन-तीन ठोके म्हणजे आग! अख्खी सुंबरलेगी वाडी बादल्या घेऊन धावली. बू तारमी, म्हणजे तारमीकाकू, सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांनी मागचापुढचा विचार न करता भरलेली बादली समोर ओतली, ती नेमकी वाडीप्रमुख पाक हर्जोंच्या डोक्यावर.

"आग नाहीये!" पाणी झटकत पाक हर्जो ओरडले. "सभा आहे, सभा!"

"मग सभेचे ठोके द्यायचे ना! दर वेळी आगीचेच का देता?"

"सभेच्या ठोक्यांना येतं का कुणी? मागच्या खेपेला मी आणि एक कोंबडी, दोघंच होतो!"

सगळे बादल्या उलट्या करून त्यावरच बसले. मग पहारेकऱ्यांचे मुख्य, लिक गिमिन, घसा खाकरत उभे राहिले. वाडीत दर संध्याकाळी प्रत्येक घर दाराशी टांगलेल्या डब्यात मूठभर तांदूळ ठेवतं. रात्री पहारेकरी फेरी मारतात, घरांवर नजर ठेवतात आणि जाताजाता ते तांदूळ गोळा करतात. ते विकून आलेल्या पैशांवरच वाडीचे दिवे लागतात, पूल दुरुस्त होतो.

"गेले कित्येक दिवस एकाही डब्यात दाणा नाही!" लिक गिमिन म्हणाले. "आम्ही रात्र रात्र डोळ्यांत तेल घालून फिरतो, तरी चोर आमच्या आधी हात मारतो!"

"मी तर रोज ठेवते बाई, चांगले शिगोशीग," बू तारमी म्हणाल्या.

"आम्हीही! आम्हीही!" सगळीकडून आवाज आले.

"मला एवढंच सांगा," पाक हर्जो ओली टोपी पिळत म्हणाले, "हल्ली कुणाची बदकं एवढी गुबगुबीत झालीयत?"

सगळ्या माना एकदम वळल्या. मागे जात्मिकोचे आजोबा, म्बाह सोंतो, शांतपणे पान जुळवत बसले होते.

"कापणी झालीय, हर्जो," ते म्हणाले. "शेतात सांडलेलं भात खातात ती. दरवर्षीच खातात."

"असेल, असेल. पण शनिवारी बदकांचा व्यापारी येतोय. बदकं वाडीबाहेर गेली की चोरी थांबते का, ते कळेलच!"

जात्मिकोचे कान लालबुंद झाले. आजोबा आणि तो, दोघांच्या घरात चूल पेटायची ती बदकांच्या अंड्यांवर. बदकं गेली तर खायचं काय?

"मासे राहू देत," तिर्तो हळूच म्हणाला. "आपण चोर पकडू!"

*

"चोर पकडायचा तर आधी चोरीची जागा बघायची," वेनिंग म्हणाली. तिघंही दुपारच्या सामसुमीत डबे बघत निघाली.

बू तारमींचा डबा पहिला. वेनिंगनं टाचा उंचावून आत डोकावलं आणि ती तशीच थबकली.

"काय गं? विंचू?" तिर्तो दोन पावलं मागे सरकला.

"कोळ्याचं जाळं. या काठापासून त्या काठापर्यंत. आत कोळी सहकुटुंब राहतोय!"

"म्हणजे चोरानं जाळं न मोडता तांदूळ नेले?" जात्मिको म्हणाला. "आणि बू तारमींनीही न मोडता ठेवले?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. मग धावतच पुढच्या घरी! तिथल्या डब्यात पालीची अंडी. त्याच्या पुढच्यात एक खिळा आणि करवंदाएवढा धुळीचा गोळा. पाक हर्जोंचा डबा चांगला रंगवलेला, वर 'सुरक्षित वाडी, सुखी वाडी' असं लिहिलेला. तिर्तोनं त्यात हात घातला, तर बोटं खालून बाहेर आली!

"अरे, याला बूडच नाही! गंजून गळून पडलंय!"

"आणि सभेत म्हणत होते, आम्हीही ठेवतो!" वेनिंगला हसू आवरेना. "कुणीच ठेवत नाही रे! आणि पहारेकरी बघतसुद्धा नाहीत. बघितलं असतं तर पालीची अंडी दिसली असती ना!"

"चला, आत्ताच सांगू सगळ्यांना!" तिर्तो उसळला.

"सांगून काय होणार? म्हणतील, चोरानंच पाल आणून ठेवली," जात्मिको म्हणाला. "त्यांच्याच तोंडून निघायला हवं."

*

म्बाह सोंतोंनी सगळं ऐकलं. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग ते एवढे हसले की अंगणातली बदकंही घाबरून ओरडायला लागली.

"आजोबा, हसताय काय! शनिवार परवावर आलाय!"

"मग काय रडू? बोला, काय हवंय तुम्हाला?"

"प्रत्येक डब्यासाठी मूठभर तांदूळ," वेनिंग म्हणाली. "आणि हळद. भरपूर हळद!"

म्बाह सोंतोंनी कणगीचं झाकणच काढून ठेवलं. "घ्या. मला चोर ठरवलंय ना? मग निदान वाटायला तरी तांदूळ असायला हवेत!"

तांदूळ हळदीच्या पाण्यात भिजले, चटईवर उन्हात वाळले. तिर्तोचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. शुक्रवारी सगळी वाडी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजाला गेली आणि तिघं दारोदार पळाली. कोळ्याला काडीनं अलगद कुंपणावर बसवलं, पालीची अंडी वळचणीला नेऊन ठेवली. पाक हर्जोंच्या डब्यात केळीच्या पानाचा द्रोण बसवला. बांग झाल्यापासून लोक परतेपर्यंत वाडीतला एकूण एक डबा भरला होता!

सकाळी उजाडताच तिघं पुन्हा बाहेर पडली. सगळे डबे जसेच्या तसे. एक दाणा हललेला नाही! आणि चौकीत? लिक गिमिन आणि त्यांचा जोडीदार एकाच लुंगीत गुरफटून घोरत होते. एकाचा घोरण्याचा सूर वर गेला की दुसऱ्याचा खाली.

तिर्तोनं खिशातून हळदीचा गोळा काढला.

"ए, नको हं!" वेनिंग कुजबुजली.

पण लिक गिमिनच्या नाकाखाली झुपकेदार पिवळी मिशी उगवलीसुद्धा!

वेनिंगनं मान तिरकी करून बघितलं. "डावीकडे जरा आखूड झालीय."

*

व्यापारी बांबूचे पिंजरे घेऊन आला. जात्मिकोनं चौकीत जाऊन ठोके दिले, तीन-तीनच. लोक बादल्या घेऊन आले. या वेळी पाक हर्जो छत्री उघडूनच उभे होते!

लिक गिमिन पुढे झाले. त्यांना बघताच पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पण मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं?

"काल रात्री मी पापणीसुद्धा मिटली नाही!" पिवळी मिशी वरखाली होत होती. "प्रत्येक डब्यात स्वतः हात घालून बघितलं. सगळे रिकामे!"

"बू तारमी, तुम्ही काल तांदूळ ठेवले होते?" जात्मिकोनं विचारलं.

"म्हणजे काय! नवे, पांढरेशुभ्र! चोरानं नेले ना मेल्यानं!"

"मग चला, तुमच्या डब्यापाशी."

सगळी सभा उठून त्याच्या मागे निघाली. जात्मिकोनं डबा काढून बू तारमींच्या बादलीत उलटा केला. सर्रकन पिवळे तांदूळ पडले.

मग बू तारमी म्हणाल्या, "अगं बाई, माझेच हे! रात्रीतून पिवळे पडले असतील."

"तांदळाला कावीळ झाली?" वेनिंगनं विचारलं.

दुसरा डबा पिवळा. तिसरा पिवळा. लोक आता जमिनीकडे बघायला लागले होते.

"माझे मात्र मी स्वतः ठेवले होते!" पाक हर्जो घाईघाईनं म्हणाले.

"कशात?" म्हणत तिर्तोनं त्यांच्या डब्यातून पानाचा द्रोण उचलला आणि डबा दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला. "पाक हर्जो, मला तुम्ही अगदी स्पष्ट दिसताय!"

आता मात्र हसण्याचा असा फवारा उडाला की छत्रीही कामाला आली नसती!

"पहारेकरी फिरेनात, म्हणून तुम्ही तांदूळ ठेवणं सोडलं," वेनिंग म्हणाली. "तुम्ही ठेवेनात, म्हणून त्यांनी फिरणं सोडलं. तांदूळ चोरीला गेलेच नाहीत, कारण ते ठेवलेच नव्हते!"

"आधी यांनी सोडलं!" बू तारमींनी बोट दाखवलं.

"छे! आधी तुम्ही!" लिक गिमिन म्हणाले.

"ते राहू द्या हो," व्यापारी मध्येच म्हणाला. बाहेरचा माणूस, त्याला कसली भीड! "हे एवढे तांदूळ आहेत तरी कुणाचे? आणि तुम्ही लग्नाला निघालाय का? तोंडाला हळद कसली?"

लिक गिमिननी मिशीवर हात फिरवला, बोटं बघितली आणि मटकन उलट्या बादलीवर बसले.

"तांदूळ माझ्या आजोबांचे आहेत," जात्मिको म्हणाला. "काल अख्ख्या वाडीत एकाच घरानं तांदूळ ठेवले. ज्याला तुम्ही चोर म्हणालात, त्यानं."

पाक हर्जोंनी छत्री मिटली. टोपी काढली. म्बाह सोंतोंसमोर जाऊन दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि कपाळाला लावला. "म्बाह, माफ करा. मी फार चुकलो."

"चुकलास खरा. आता आधी डब्याला बूड लाव," म्हातारा म्हणाला.

व्यापाऱ्यानं पिंजरे रिकामेच उचलले, पण त्याला कुणी जाऊ देईना. पिवळे तांदूळ बादलीत जमले होते, त्यात घरोघरची भर पडली आणि सगळे नारळाच्या दुधात शिजले. म्बाह सोंतोंच्या बदकांची अंडी उकडली, बू तारमींनी मिरच्यांचं सांबाल वाटलं. अख्खी वाडी चटयांवर पंगतीला बसली. पाक हर्जोंनी स्वतः तिघांच्या पानात जास्तीचं अंडं वाढलं.

"आम्हा मोठ्यांना लाज वाटावी असं काम केलंत," ते म्हणाले. "शाबास, पोरांनो! आजपासून संध्याकाळी डबे तपासायचं काम तुमचं."

"माझाही?" बू तारमींनी काळजीनं विचारलं.

"तुमचा सगळ्यात आधी!" वेनिंग म्हणाली.

त्या रात्री जेवणं उरकून जात्मिको आजोबांजवळ अंगणात बसला होता. एकाएकी बदकांनी भयंकर कलकलाट केला. कुंपणापलीकडे कंदील हलला, डबा खुळखुळला आणि उजेडात अजूनही पिवळी असलेली मिशी दिसली. हळद काही निघाली नव्हती!

"म्बाह, आवरा हो तुमच्या बदकांना!" लिक गिमिन ओरडले. "मी पहारेकरी आहे!"

"त्यांना कसं माहीत असणार बाबा?" म्बाह सोंतो म्हणाले. "त्यांनी आज पहिल्यांदाच बघितला!"