मामा म्हणतोय की बाबा?

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण थट्टा करू नका.

रविवारची दुपार. जुन्या सिनेमांच्या संग्रहालयाच्या तळघरातली खोली.

ज्याच्यासोबत हे घडलं त्याला मामाच म्हणू. त्याचा भाचा त्याला तेच म्हणायचा.

भाचा बोटीवर नोकरीला होता. गेल्या वर्षी बोट बेपत्ता झाली. तेव्हापासून भाच्याची आई, म्हणजे मामाची ताई, एकदाही रडली नव्हती. जेवण समोर ठेवलं तर जेवायची, नाहीतर बसून राहायची. पोरगा आहे की गेला, एवढंच तिला कळायला हवं होतं.

मामा त्या संग्रहालयात जुनी रिळं साफ करायचा. त्या दिवशी त्याने ताईला मुद्दाम कामाला बोलावलं. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट होता. बोट बुडते, त्याची रडकी गोष्ट. सगळे विसरून गेलेले. संवादांच्या पाट्या कधीच सडल्या होत्या. ताई लहानपणापासून ठार बहिरी, त्यामुळे ओठ वाचण्यात तिचा हात कोण धरणार?

"नायक काय म्हणतोय गं?"

"पाय काढ, माझा पाय चेंगरलास."

मामा पोट धरून हसला. ताईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग वादळाचं दृश्य आलं.

आणि खोलीत पाण्याचा आवाज यायला लागला...

स्पीकर तर लावलेलाच नव्हता.

पडद्यावर कठड्यापाशी एक खलाशी उभा होता. या रिळातलं एकेक चित्र मामाने स्वतःच्या हाताने पुसून साफ केलं होतं. हा खलाशी त्यात नव्हता...

चेहरा ओरखड्यांनी भरलेला. फक्त ओठ स्वच्छ.

ते हलले.

"मामा म्हणतोय," ताई सपाट आवाजात म्हणाली. "किंवा बाबा. ओठांवर दोन्ही सारखंच दिसतं."

मामा घाईघाईने तिच्यासमोर आला. "बाबाच असेल. गोष्टीत कप्तान त्याचा बाप आहे ना."

ताईने त्याला बाजूला सारलं.

"मी बुडालो," ती वाचत होती. "आईला सांगू नकोस."

पाण्याचा आवाज थांबला...

भाचा स्वतःच्या वडिलांना कायम अहो-जाहो करायचा. त्यांना तो 'सांगू नका' म्हणाला असता. अरे-तुरे होतं ते फक्त मामाशी.

ताईलाही ते कळलं होतं. तरी ती रडली नाही.

"त्याला सांग," ती म्हणाली. "आईला कळलं."

मामा पडद्याकडे वळला. कठड्यापाशी कुणीच नव्हतं.

ते दृश्य तो आजही पुन्हा पुन्हा लावून बसतो. निरोप द्यायचा राहिलाय.